ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी आणि खाडीचे धनी



ऐरोलीहून रोहित पक्षी पाहावयास निघणारी होडी कार्यालयीन वेळापत्रकावर चालत नाही; ती भरती-ओहोटीवर चालते. पाणी फार उतरले की होडी गाळात रुतते. फार चढले की गाळाचे पट्टे बुडतात आणि पक्षी खाडी सोडून नव्या मुंबईच्या पाणथळींवर विसाव्यास जातात. या दोहोंमधले सोयीचे तास कोणते, उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे काठच्या कोळ्याला केवळ तिथीवरून सांगता येते. शहरातून आलेला प्रवासी तिकिटाचे पैसे मोजतो. पण ज्या ज्ञानावर ही सफर चालते, त्याची किंमत कोणत्याच हिशेबात धरलेली नसते.

दोन्ही बाजूंना तिवरांची दाट भिंत, मागे विजेचे मनोरे, त्यामागे इमारती. पुढे गाळावर एक गुलाबी रेघ दिसते. होडी जवळ जाते तशी ती रेघ हजारो पक्ष्यांत फुटते. मान खाली, चोच उलटी, आणि चोचीतून पाणी गाळण्याचे काम अखंड चाललेले. मोठा रोहित गाळातले बारीक जीव टिपतो. लहान रोहित मुख्यतः नीलहरित शैवालावर जगतो. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो, म्हणून पिले राखी असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीस येणारे हे थवे मे अखेरपर्यंत राहतात. मुंबई परिसरात त्यांची संख्या काही वर्षांत लाखाच्या वर गेली आहे.

हे पक्षी येथे मोठ्या संख्येने दिसू लागले ते 1990 च्या दशकापासून. अभ्यासकांचे एक स्पष्टीकरण मोठे बोलके आहे. शैवाल वाढण्यास नत्र आणि स्फुरद लागते, आणि त्याचा पुरवठा मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही तिन्ही शहरे आपल्या सांडपाण्यातून करीत असतात. त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांची भर. खाडीचे उत्तरेकडील तोंड अरुंद असल्याने घाण लवकर धुऊनही जात नाही. ज्या पाण्याने शैवाल फोफावले, त्याच पाण्यात कोळ्याची मासळी घटली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला ‘बाह्य परिणाम’ असे सोज्वळ नाव आहे. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा, की घाण टाकणाऱ्याची बचत झाली आणि तिचे बिल जाळे टाकणाऱ्याच्या घरी गेले.

6 ऑगस्ट 2015 रोजी सुमारे 17 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. 2022 मध्ये खाडी रामसर यादीत आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. ‘पक्षी की माणूस’ असा वाद घालणारे पुरोगामी मित्र नकळत बिल्डरचे काम करतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिवरे तोडली गेली तर कोळंबी आणि खेकड्यांची पैदासही संपते. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला, तो काही केवळ पक्ष्यांसाठी नव्हे.

परंतु अभयारण्याची पाटी लागली की कोळ्यांच्या मनात धास्ती उभी राहते, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. याच खाडीच्या पूर्वेकडे 1970 नंतर नव्या शहरासाठी आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि जानेवारी 1984 मध्ये रास्त मोबदला मागणाऱ्या पाच जणांना उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळ्या लागून प्राण गमवावे लागले. ज्यांच्या स्मरणात हे आहे, ते सरकारी आश्वासनावर चटकन विश्वास कसा ठेवतील? वन्यजीव कायद्यात सागरी अभयारण्याची हद्द ठरविताना स्थानिक मच्छीमारांचे व्यावसायिक हित जपण्याची तरतूद आहे. तेच तत्त्व खाडीलाही निःसंदिग्धपणे लागू झाले पाहिजे, आणि परंपरागत मासेमारीचा हक्क मेहेरबानी म्हणून नव्हे तर लेखी मिळाला पाहिजे.

खरा धोका जाळ्यापासून नाहीच. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले. पक्षी रस्त्यांकडे भरकटले आणि काही मेले. त्याच वर्षी 20 मे रोजी घाटकोपरवर उतरत्या विमानाशी थव्याची टक्कर होऊन सुमारे चाळीस रोहित कोसळले. आणि हे सारे घडत असताना नवी मुंबई स्वतःस ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेत होती! पक्ष्याचे नाव सदनिकेचा भाव वाढविते. त्या वाढीव भावातला एक पैसाही खाडीकडे परत येत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवितो. वल्हे त्यांच्याच हाती आणि मिळकतही त्यांचीच. ठाण्याच्या खाडीत हे का होऊ नये? होड्या कोळ्यांच्या सहकारी संस्थांच्या असाव्यात, वाटाडे त्यांच्या वाड्यांतले असावेत, आणि तिकिटाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्या संस्थांना मिळावा. त्याचबरोबर सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च महापालिका व कारखाने यांच्याकडून वसूल व्हावा. काठावरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी कोळीवाड्यांत बैठका घेऊन हीच मागणी वन विभागापुढे नेली पाहिजे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो.