दूधसागर : जीपने की पायी?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवी सहल दूधसागरला न्यायचं ठरतंय. तरुण मंडळी म्हणतात, जुलैत जाऊ आणि रुळांवरून चालत जाऊ. ज्येष्ठ विचारतात, आम्हाला जमेल का? दोघांसाठी चार शब्द.

गोवा-कर्नाटक सीमेवरचा, मांडवी नदीचा हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंच आहे. आपली चारमजली इमारत पंचवीस वेळा एकावर एक ठेवा, एवढा! भर पावसात त्याचं रूप काही औरच, हे कबूल. पण त्याच दिवसांत कुळेहून जाणाऱ्या जीप बंद असतात. वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि ओढे पाण्यातूनच ओलांडावे लागतात. पाणी चढलं की वाटच उरत नाही. साधारण ऑक्टोबरात जीप पुन्हा सुरू होतात.

मग रुळांवरून? मुळीच नको. घाटातला तो मार्ग वळणांचा, बोगद्यांचा. बोगद्यात गाडी समोर आली तर पळायचं कुठे? शिवाय रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चालायची हौस असेल तर वनखात्याची परवानगी असेल तेव्हा, जंगलवाटेने, वाटाड्या घेऊन जा.

माझी सूचना अशी : दिवाळीनंतर सगळ्यांनी जीपने जाऊ. रोजच्या जीप मोजक्याच असतात, म्हणून सकाळी लवकर कुळ्याला पोचायचं. लाइफ जॅकेट घालायचंच. माकडं फार, तेव्हा खाऊ पिशवीत बंद. प्लास्टिक घरीच ठेवायचं.

एक मात्र लक्षात घ्या, जीप थेट धबधब्यापाशी जात नाही. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायीच. ज्यांना तोही झेपणार नाही, त्यांच्यासाठी आगगाडी आहे. ती धबधब्यासमोरच्या पुलावरूनच जाते. दिवसाउजेडी जाणारी गाडी निवडली की खिडकीतून दर्शन होतं.

बाकीच्यांसाठी प्रत्येक ज्येष्ठामागे एक तरुण, अशी यादी करू. पंचवीस वर्षांपूर्वी लिफ्ट नव्हती, तेव्हा आपल्याला कडेवर घेऊन याच मंडळींनी चार-चार जिने चढले. आता त्या दगडांवरून त्यांचा हात आपण धरायचा.

यादीसाठी नावं उद्यापासून ऑफिसात द्या.