अकिहाबारा, गाचापोन आणि नऊ हजार येनचा लॅपटॉप

  

जपानला शिकायला गेले होते म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "मग अकिहाबारात गेलीस की नाही?" गेले. नऊ-दहा वेळा गेले. पण आज त्यातल्या दोनच खेपा सांगणार आहे. एका खेपेत पैसे उडवले आणि दुसरीत त्याची किंमत मोजली.

पहिली खेप. टोकियोत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. आपली पिढी हिंदी बोलणारा डोरेमॉन बघत वाढलेली, त्यामुळे माझ्या डोक्यात जपान म्हणजे तेच. अकिहाबारा स्टेशनला 'इलेक्ट्रिक टाउन' नावाचं एक दार आहे. तिथून बाहेर पडलं की समोरच रेडिओ काइकान. 'स्टाइन्स गेट' बघितलेल्यांनी आत्ता मान डोलावली असेल! त्या गोष्टीतली जुनी इमारत 2011 मध्ये पाडली, आताची नवी 2014 मध्ये उघडली. आत मजल्यावर मजले नुसते फिगर आणि कार्डं. काही दुकानांत तर काचेचे छोटे छोटे खण भाड्याने मिळतात. आपल्याकडची जुनी खेळणी त्यात मांडायची, किंमत लावायची आणि घरी जायचं. विकायचं काम दुकानवाला करतो.

आणि मग गाचापोन. नाणी टाका, मूठ फिरवा, प्लॅस्टिकचा गोळा खाली पडतो. मूठ फिरते तो आवाज 'गाचा', गोळा पडतो तो 'पोन'. आत कुठलं खेळणं निघेल ते आपल्या हातात नाही. तुमच्या मोबाईल गेममध्ये कॅरेक्टरसाठी जे 'गाचा' खेळता ना, ते नाव इथूनच आलंय. वेगवेगळी बक्षिसं जमवून पूर्ण संच झाला की मोठं बक्षीस, असा एक प्रकार जपानी गेममध्ये फार बोकाळला होता. 2012 मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने तो बेकायदा ठरवला.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं बरं का. तरी मूठ फिरवत राहिले. सहा मांजरांच्या संचातलं एक मांजर काही केल्या निघेना. संध्याकाळी हिशेब केला तर एक फिगर धरून अकरा हजार येन गेलेले. महिन्याच्या जेवणाच्या पैशांतले जवळजवळ अर्धे. रात्री बाबांचा फोन आला. "पैसे पुरतायत ना?" मी म्हटलं, "पुस्तकं घेतली." शैक्षणिक कर्जावर त्यांची सही होती. तरी ते सहज बोलून गेले मी.

दुसरी खेप दोन महिन्यांनी. गुरुवारी लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड गेला. सोमवारी डेमो, आणि तो माझ्याच मशीनवर द्यायचा. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. तसं कामही मिळालं होतं, पण पहिला पगार पुढच्या महिन्यात. खिशात सगळे मिळून बारा हजार. वॉरंटीवाला जुना लॅपटॉप वीस हजारांच्या पुढे. ते अकरा हजार असते तर? ही बेरीज त्या दिवशी मी किती वेळा केली असेल, विचारू नका.

लॅबमधला एक सीनिअर म्हणाला, "मोठ्या रस्त्यावर बघू नकोस, मागच्या गल्लीत जा. जंक बघ."

तिथे 'जंक' म्हणजे भंगार नव्हे. जंक म्हणजे चालेल किंवा चालणार नाही, परत घेणार नाही, आणि तक्रार चालणार नाही. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये लॅपटॉप वह्यांसारखे उभे लावलेले. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर दोष लिहिलेला: स्क्रीनवर रेघ, बॅटरी मेलेली, डिस्क नाही. आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर एक शब्द: 'दोसा मिकाकुनिन'. मला वाटलं डोसा! दोसा म्हणजे मशीनचं चालणं. मिकाकुनिन म्हणजे तपासलेलं नाही.

मला एक मिळाला. डिस्क नाही, बॅटरी मेलेली, पण चिठ्ठीवर लिहिलेलं की सुरू होतो. नऊ हजार येन, म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. माझी डिस्क बसेल का, हे आधी फोनवर मॉडेल शोधून पाहिलं. मग घेतला.

स्टेशनकडे परतताना रुळांखालच्या रेडिओ सेंटरमध्ये शिरले. हात पसरले तर दोन्ही बाजूंना लागतील एवढी दुकानं. एकात फक्त स्विच, दुसऱ्यात फक्त वायरी. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांनी पासोड्या विठोबापाशी प्रोजेक्टचे पार्ट घेतले असतील, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला. तेच, फक्त आणखी दाटीवाटीचं. युद्धानंतर या भागात रस्त्यावर रेडिओचे पार्ट विकले जायचे. 1949 मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवायचा हुकूम निघाला, तेव्हा ही मंडळी रुळांखाली आली. पुढे टीव्ही-फ्रीज आले, मग कॉम्प्युटर, मग गेम आणि ॲनिमे. कॉम्प्युटर घ्यायला येणारी पोरंच ॲनिमेवेडी होती, दुकानं त्यांच्यामागे गेली.

खोलीवर येऊन डिस्क बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. दहा मिनिटं तशीच बसले. मग रॅम काढली, पुसली, परत लावली. चालू! डिस्कवर लिनक्स होतं, त्यामुळे नव्या मशीनने कुरकुर केली नाही. कुरकुर बोटांनी केली. जपानी कीबोर्डवर ॲट द रेटची खूण पी-शेजारी असते आणि कंस एक घर डावीकडे सरकलेले. डेमोत एक कमांड तीनदा चुकले, पण डेमो झाला.

त्या रात्री बाबांना खरं सांगितलं. मांजरांसकट. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुस्तकं घेतली म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. तू कुठलं पुस्तक ते सांगितलं नाहीस." पैशांबद्दल एक शब्द नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

जाता जाता, जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, तिथली वीज 100 व्होल्टची. अडॅप्टरवर 100 ते 240 लिहिलं असेल तर बिनधास्त आणा. पण नुसतं 100 लिहिलेला राइस कुकर आईसाठी आणलात तर आपल्या 230 वर पहिल्याच दिवशी जळेल. परदेशासाठीचं मॉडेल मागा. दोन, विद्यार्थी म्हणून राहात असाल तर पर्यटकांची टॅक्स-फ्री सवलत धरून चालू नका. तीन, गाचापोनला जाताना ठरवलेली नाणीच खिशात ठेवा, कार्ड खोलीवर.

तो लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे, वायर काढली की बंद पडतो. आणि सहावं मांजर अजून मिळालेलं नाही. भेटू पुढच्या भागात!