घाटमाथ्यावरील निरीक्षणे आणि कृष्णाखोऱ्यातील पर्जन्य-अंदाज



सातारा व सांगली जिल्ह्यांचे सरासरी पर्जन्यमान ही फसवी संख्या होय. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीस पाचशे मिलिमीटरांचीही शाश्वती नसते. २०१९ च्या उन्हाळ्यात माण-आटपाडीकडे जनावरांच्या छावण्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा प्रदेशात संपूर्ण जिल्ह्यासाठी वर्तविलेला मोघम अंदाज कोणाच्याच कामी येत नाही.

कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. पुराच्या भयाने पाणी आधीच सोडले आणि पुढे पावसाने दगा दिला, तर वीजनिर्मितीला व टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांना त्याची झळ पोहोचते. पाणी राखले आणि अतिवृष्टी झाली, तर कराडच्या प्रीतिसंगमाखालील गावे संकटात सापडतात. हा निर्णय पाणलोट क्षेत्रातील पावसाच्या अंदाजावर अवलंबून असतो.

या दृष्टीने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे कार्य मोलाचे आहे. संस्थेने २०१२ साली महाबळेश्वर येथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तेथे ढग जमिनीस टेकतात. त्यामुळे विमानावाचूनही ढगातील जलबिंदू व धूलिकण मोजता येतात. ढगातून पाऊस केव्हा व किती पडतो, याची गणिते त्यावरून सुधारता येतात. दूरच्या रडारचे किरण डोंगरांआड अडतात किंवा ढगांच्या वरून निघून जातात. म्हणून मांढरदेवच्या उंचीवर संस्थेने रडार बसविले.

परंतु रडार पावसाचे थेंब मोजत नाही, परतणाऱ्या लहरींवरून अनुमान काढते. मुसळधार पावसात त्या लहरीही क्षीण होतात. त्या अनुमानाचा ताळा जमिनीवरील पर्जन्यमापकानेच जुळतो. महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे याच कामाची आहेत. मात्र यंत्रावर झाडाची फांदी झुकली, नरसाळ्यात पालापाचोळा साचला, तर आकडा चुकतो आणि त्याबरोबर अंदाजही.

म्हणून ग्रामपंचायतींनी आपल्या परिसरातील केंद्राभोवतीची जागा मोकळी राखावी. शिक्षकांनी शाळेत साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांकडून नोंद करवावी व ती फळ्यावर लिहावी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. कोरी जागा सोडू नये. डोंगरावरील यंत्राइतकीच गावातील खरी नोंद मोलाची आहे.