पायाखालचा पहारेकरी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विद्वत्ता आमच्यापाशी नाही. आमची उभी हयात यंत्रांच्या तारा जोडण्यात गेली. तेव्हा ज्या कामात हात काळे केले, त्याविषयीच बोलणे बरे. समोरच्या रांगेत ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आय.टी.आय. पुरे केलेली पेडणे-डिचोलीची मुले बसली आहेत. यांपैकी कोणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत जाईल, कोणी डिचोलीच्या. आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वडीलधाऱ्यांनी ते गोड मानून घ्यावे.

विषय तसा लहान आहे. मोठ्या यंत्राभोवती जमिनीवर रबराची एक जाड चटई अंथरलेली असते. कारखान्यात तिला सेफ्टी मॅट म्हणतात. तिच्यावर पाय पडला की यंत्र थांबते. पुष्कळांना ती पायपुसण्यासारखी दिसते. पण ती एक विजेचे बटणच आहे, आणि ते दाबणारा भार म्हणजे माणसाचे स्वतःचे वजन.

ही कल्पना आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठची, तशीच मांडवीकाठची खाजन शेते आपण पाहिली आहेत. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. रात्री भरती आली म्हणून कोणी धावत जाऊन दार लावीत नाही. ज्याच्यापासून धोका, त्याच्याच दाबाने दार बंद होते. चटईत दाब देतो तो धोक्यात सापडू पाहणारा माणूस, एवढाच फरक. पण पहाऱ्याला कोणी जागे राहायला नको, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे.

आता चटईच्या पोटात काय असते ते सांगतो. पोलादी पत्र्याचे दोन थर असतात. मध्ये विद्युत्‌रोधक पट्ट्या असल्याने ते एकमेकांना शिवत नाहीत. वरून रबराचे किंवा प्लास्टिकचे वेष्टन असते. पाय पडला की वरचा पत्रा दबून खालच्याला टेकतो, आणि कंट्रोल पॅनेलमधला रिले यंत्राला जाणारी आज्ञा तोडतो.

येथे एक प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे. दारावरच्या घंटेची तार उंदराने कुरतडली, तर काय होते? घंटा वाजत नाही, आणि पाहुणा बाहेर ताटकळत उभा राहतो. चटईची तार अशी तुटली तर? माणूस चटईवर उभा राहील आणि यंत्र चालूच राहील! म्हणून चांगल्या चटईला दोन नव्हे, चार तारा असतात. प्रत्येक पत्र्याला दोन. एका तारेने थोडासा प्रवाह पत्र्यात जातो आणि दुसरीने परत येतो. रिले हा प्रवाह अखंड तपासत असतो. पत्रे एकमेकांना टेकले तरी रिले पडतो, आणि तार तुटली तरी पडतो. बिघाड झालाच, तर तो यंत्र थांबवण्याच्या बाजूने व्हावा, ही या सगळ्या रचनेमागची बुद्धी. माणूस चटईवरून उतरला म्हणून यंत्राने आपोआप सुरू होऊ नये, हेही त्यातच आले. त्यासाठी वेगळे रीसेट बटण असते, आणि ते सगळी जागा दिसेल अशा ठिकाणी, चटईच्या बाहेर बसवायचे असते.

चटई किती लांबवर अंथरावी, याचाही हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. पाय पडल्यापासून यंत्र पुरते थांबेपर्यंत अर्धा सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात माणूस ८०० मिलिमीटर पुढे जातो. त्यात पुढे टाकलेल्या पावलासाठी व लांबवलेल्या हातासाठी १२०० मिळवायचे. बेरीज झाली २०००. म्हणजे धोक्याच्या जागेपासून चटईची बाहेरची कड दोन मीटर दूर हवी. जागा नाही म्हणून कोणी एक मीटर चटई घातली, तर यंत्र थांबेल खरे, पण हात सापडल्यावर.

चटईच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उडून येणारा तुकडा ती अडवू शकत नाही. लहान कारखान्यांतून जुने पॉवर प्रेस असतात. त्यांचा क्लच एकदा गुंतला की प्रेस पूर्ण फेरा करूनच थांबतो. तेथे चटई घालणे व्यर्थ होय. तेथे लोखंडी जाळीचे आवरणच पाहिजे.

एवढे सगळे आम्हांस ठाऊक होते. तरीही आमच्या हातून जे घडले, ते आज आपल्यापुढे सांगण्याचे आम्ही ठरवले आहे. कारखान्याचे नाव घेत नाही. दोष आमचा आहे.

त्या कारखान्यात खोकी उचलून थरावर थर रचणारे एक यंत्र होते. ऐन पावसाळ्याचे दिवस. आपल्याकडचा आषाढ कसा असतो, ते सांगायला नको. चटई विनाकारण यंत्र थांबवू लागली. तासातून चार वेळा, पाच वेळा. माल न्यायला ट्रक दारात उभा. फोरमन म्हणाले, "आजचा माल जाऊ द्या, मग बघू." आम्ही पॅनेल उघडले, चटईच्या तारा सोडवल्या, आणि रिलेला सगळे ठीक आहे असे वाटावे अशी जोडणी करून दिली. पाच मिनिटांचे काम. ट्रक वेळेवर गेला. सगळ्यांनी आम्हांस शाबासकी दिली.

ते "मग बघू" तसेच राहिले. चौथ्या दिवशी आमचा एक सोबती वाकडे बसलेले खोके सरळ करायला आत गेला. चटईवर पाय ठेवला की यंत्र थांबते, हा त्याचा रोजचा अनुभव होता, आणि त्याच भरवशावर तो गेला. यंत्राचा हात खाली आला. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

नंतर चटई उचलून पाहिली. हातगाडीच्या लोखंडी चाकाने तिचा एक कोपरा कापला गेला होता. त्यातून पाणी आत शिरले होते. चटई विनाकारण थांबत नव्हती. आपल्याला जखम झाली आहे, हेच ती तासातून पाच वेळा सांगत होती. आम्ही तिचे तोंड बंद केले.

हा सोबती पेडण्याचा. गावच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकात एका हाताची दोन बोटे म्हणजे शेकडा २० अपंगत्व, अंगठा म्हणजे शेकडा ३०, चार बोटे म्हणजे शेकडा ५०, असा हिशेब दिलेला होता. त्या हिशेबाने त्याला पैसे मिळाले. पखवाज मात्र पुन्हा वाजला नाही. तो आम्हांस कधी एक शब्दही बोलला नाही. आजही भजनाला येतो आणि झांजा घेऊन मागे बसतो. आम्ही गेलो की सरकून जागा करून देतो.

यंत्राचे धोकादायक भाग पक्के आच्छादलेले असावेत, ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने सांगितली होती. त्याच कायद्याच्या १११ व्या कलमाने कामगारालाही बजावले होते की, सुरक्षिततेसाठी बसवलेल्या साधनात त्याने जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये. पुढे २०२० च्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. कायदे बदलतात, पण पॅनेलची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याची जबाबदारी बदलत नाही.

म्हणून मुलांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली : कामाला लागण्यापूर्वी दररोज चटईवर पाय ठेवून यंत्र थांबते की नाही ते पाहा, आणि चटईचे कोपरे व कडा हाताने चाचपा. दुसरी : यंत्र पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर कारण सापडेपर्यंत ते बंद राहू द्या. तिसरी : तारा जोडून द्या असे कोणी सांगितले, तर नम्रपणे नाही म्हणा, आणि ते वहीत लिहून ठेवा. नोकरी नवी असते, घरी माणसे वाट पाहत असतात, नाही म्हणणे सोपे नसते. आम्ही तर जुने होतो, तरी आमच्याने झाले नाही.

याच कारणाने विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. आपल्या ज्ञातीत कारखानदारही आहेत आणि कामगारही. सुरक्षिततेसाठी यंत्र थांबवले म्हणून कोणाची रोजी कापली जाणार नाही, असे वचन कारखानदार बंधूंनी या महोत्सवी वर्षात द्यावे. आणि तसे नाही म्हणून एखाद्या मुलाची नोकरी गेलीच, तर दुसरी मिळेपर्यंत ट्रस्टने त्याच्या घराला आधार द्यावा. फार मोठी रक्कम लागणार नाही. पण आपल्या पाठीशी कोणी आहे एवढे कळले, तर पॅनेलपुढे उभ्या असलेल्या त्या मुलाला नाही म्हणण्याचे बळ येईल.

ट्रस्टची अशीच भरभराट होवो, आणि या मुलांचे हात शाबूत राहोत, एवढे मागणे श्रीचरणी मागून आम्ही आपली रजा घेतो.