माळ्यावरचा वेताळ

मंडळी, आपण बदलीवाली माणसे. प्रत्येक बदलीत आधी रद्दी निघते आणि तिच्यात इंद्रजाल कॉमिक्स जातात. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. त्यातला मराठी वेताळ इकडे परप्रांतात मिळणे तर फारच कठीण. माळ्यावर अंक असतील तर आधी पिना तपासा. गंज हा आम्हा रेल्वेवाल्यांचा जुना वैरी! तो भोवतालचा कागद खातो, मधले पान सुटते. संग्राहक तेच आधी पाहतो. सेलोटेप लावू नका. डाग राहतो, भाव उतरतो. बाइंडिंगवाल्याने कडा कापलेल्या अंकांनाही भाव कमीच. मला हे पटत नाही. सुटे अंक भेळवाल्याकडे गेले, बाइंड केलेले निदान टिकले. कुणाकडे असे बाड असेल तर सांगा, रविवारी मी बघायला येतो.