न विचारता कसं यायचं?

मी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली, सध्या नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहते. आज जरा तक्रारीचा सूर आहे बरं का.

इथं मैत्रिणीकडं जायचं म्हटलं की ती डायरी उघडते, अन् मिळतो तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार! सोबत कॉफी प्यायलो की रात्री मोबाइलवर टिकी येते. टिकी म्हणजे २०१६ साली निघालेलं, आपल्या वाट्याचे पैसे मागायचं ॲप. दोन-तीन युरोसुद्धा मागतात, अन् त्यात कुणाला संकोच नाही. आपल्याकडं टपरीवर 'मी देतो, मी देतो' म्हणून भांडणं होतात!

पण खरी बोच वेगळीच. मागच्या हिवाळ्यात चार दिवस तापानं पडून होते. दारावर कुणी नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंना मेसेज टाकला, तर दहा मिनिटांत मटारचं गरम सूप घेऊन हजर! म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना. तू न बोलवता कशी येणार?"

म्हणजे माया आहे, पण ती मागावी लागते. इकडं निघालेल्यांनो, एवढं लक्षात ठेवा. मलाही आता मागायची सवय झालीय. पण ताप आला की कान अजून दाराकडंच असतात.

भेटू पुढच्या भागात!