विलायतेतील पहिले दिवस

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबई बंदरातून विलायतेस निघालेल्या एका आगबोटीत राजकोटचा एक अठरा वर्षांचा तरुण होता. मोहनदास करमचंद गांधी हे त्याचे नाव. मुंबईतील त्याच्या जातीच्या पंचांनी समुद्रपर्यटनाबद्दल त्याला बहिष्कृत केले होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी शपथ त्याने निघण्यापूर्वी घेतली होती. कारण त्यावाचून आईची परवानगी मिळती ना. पुढे साऱ्या जगाला परिचित झालेले गांधीजी क्षणभर बाजूला ठेवून या भिडस्त विद्यार्थ्याचे परदेशातील पहिले दिवस पाहिले, तर पुष्कळ गोष्टी उमगतात.

बोटीवर सुरीकाटे कसे धरावेत हे त्याला ठाऊक नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्यही नव्हते. त्यामुळे घरून आणलेली मिठाई व फळे खोलीतच खाऊन त्याने बहुतेक प्रवास केला. बोटीतून उतरताना त्याने खास जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख चढविला. तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. धक्क्यावर पाहतो तो पांढऱ्या वस्त्रातला एकटा तोच! सामान किल्ल्यांसह पुढे पाठविलेले. आणि दुसरा दिवस रविवारचा, म्हणून तेही मिळेना.

त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलात भेटावयास आले. बोलता बोलता मोहनदासने सहज त्यांची उंच रेशमी टोपी उचलली आणि तिच्यावरून उलटा हात फिरविला. डॉक्टरांनी त्याला थांबविले आणि युरोपीय रीतिरिवाजाचा पहिला पाठ दिला. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये. पहिल्या भेटीत आपल्याकडे विचारतात तसे प्रश्न विचारू नयेत. मोठ्याने बोलू नये. आणि ज्याला त्याला ‘सर’ म्हणू नये, कारण तिकडे नोकर आपल्या धन्याला तसे म्हणतात. घरी जो विनय म्हणून शिकविला गेला, तोच येथे अडाणीपणा ठरत होता.

दिवस कसा तरी जाई. रात्री मात्र आईची आणि घराची आठवण येऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागे. ही व्यथा सांगावी असे कोणी जवळ नव्हते. विलायत सोसवत नव्हती आणि तीन वर्षांचा अभ्यास पुरा केल्यावाचून परतणे शक्य नव्हते.

त्यात पोटाचा प्रश्न. मीठ-मसाल्यावाचून उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरेनात. रिचमंडला एका स्नेह्याकडे तो महिनाभर राहिला. तेथे सकाळी ओटची लापशी मिळे, तेवढीच पोटभर. दोन्ही जेवणांना पालकाची भाजी, पाव आणि मुरंबा. पावाचे दोनतीन तुकडे झाल्यावर आणखी मागावयास संकोच वाटे. स्नेही रोज समजावीत, की येथील परिस्थिती न जाणणाऱ्या अशिक्षित आईपुढे घेतलेल्या शपथेला काय किंमत? त्यांच्या युक्तिवादाला मोहनदासपाशी उत्तर नव्हते. त्याहून अडचणीची गोष्ट ही, की मांसाहाराने देश बलवान होईल असे त्यालाही मनातून वाटत होते. तो अडला होता केवळ दिलेल्या शब्दापाशी.

पुढे वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी त्याची सोय झाली. शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत, हे त्याला त्या बाईंकडूनच कळले. मग तो रोज दहाबारा मैल पायी हिंडू लागला. अशाच एका दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला ते उपाहारगृह सापडले. दाराजवळच्या काचेच्या खिडकीत विक्रीची पुस्तके मांडलेली होती. हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक त्याने एका शिलिंगास घेतले आणि मग आत जाऊन, विलायतेत आल्यापासून प्रथमच, तो पोटभर जेवला.

ते पुस्तक वाचून संपल्यावर आईला दिलेला शब्द त्याचे स्वतःचे मत झाले. घरातून नेलेला संस्कार परमुलखात कसाला लागला आणि तेथेच त्याला बुद्धीचा आधार मिळाला. आणि तो आधार देणारा लेखक इंग्रज होता.

यानंतर तो लगेच प्रौढ झाला असे मात्र नाही. शाकाहाराची उणीव सभ्यतेने भरून काढावी म्हणून त्याने बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवविला, एकोणीस शिलिंगांची टोपी घेतली, नृत्याचे धडे घेतले आणि व्हायोलिनही विकत आणले. हा नाद सुमारे तीन महिने टिकला. पैपैचा हिशेब लिहिण्याची सवय मात्र सुटली नाही. त्या हिशेबानेच पुढे त्याला एका खोलीत, स्वतःच्या हाताने लापशी आणि कोको करून, दिवसाला सव्वा शिलिंगात जेवण भागविण्यास शिकविले.

१८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर होऊन तो स्वदेशी परतला. गोलमेज परिषदेच्या निमित्ताने १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गेले, तेव्हा २० नोव्हेंबर रोजी तेथील शाकाहारी मंडळापुढे त्यांचे भाषण झाले. त्या वेळी व्यासपीठावर त्यांच्याजवळ वृद्ध हेन्री सॉल्ट बसलेले होते.